दीड लाखाचा फोन उघडल्यावर

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर माझ्या नावापुढे 'तंत्रज्ञ' असं छापलंय. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या पट्ट्यात मी मोबाइल दुरुस्त करतो. हातात हीट गन, डोळ्यांपुढे मायक्रोस्कोप, इतकाच माझा अधिकार. विषय मात्र माझ्या रोजच्या काउंटरवरचा आहे. महागडा फोन खरंच तेवढ्या किमतीचा असतो का, हे मला लोक दोनदा विचारतात: एकदा घेण्याआधी, आणि एकदा डिस्प्ले फुटल्यावर. दोन्ही वेळचा सूर वेगळा असतो.

महाग फोन दोन जातींचे. एक, महाग असणं हाच ज्याचा गुण आहे तो. दुसरा, जो चांगला आहे आणि म्हणून, किंवा तसं सांगून, महाग विकला जातो. पहिल्याची गोष्ट आधी सांगतो, कारण त्यात सगळा धडा उघडा पडलाय.

नोकियाने व्हर्टू नावाची वेगळी कंपनी काढली आणि 2002 मध्ये तिचा पहिला फोन आला. इंग्लंडमधल्या चर्च क्रूकम गावात माणसं एकेक फोन हाताने जोडायची. जोडणाऱ्याची सही आत कोरलेली असायची. बटणांखाली घड्याळात असतात तशी माणकाची बेअरिंग. काच नीलमण्याची, म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेल्या सफायरची. कठीणपणा मोजायच्या मोह्सच्या मोजपट्टीवर सफायर 9 वर, वाळूतला क्वार्ट्झ 7 वर, आणि साधी काच त्याहून खाली. म्हणूनच खिशातली वाळू आपल्या स्क्रीनवर चरे पाडते आणि सफायरला काही करू शकत नाही. कडेला एक बटण. दाबलं की पलीकडे माणूस हजर. हॉटेल, विमान, फुलं, सांगाल ते जमवून देणारा.

कारागिरी म्हणून मला त्या फोनबद्दल मनापासून आदर आहे, हे आधी सांगतो. एक पीस माझ्या टेबलावर आला होता. झाकण बसतं कसं, ते बोटाला कळत होतं. कुठे लचक नाही, कुठे कुरकुर नाही. आमच्या धंद्यात असं झाकण बघायला मिळत नाही.

पण 2013 मध्ये त्यांचा 'व्हर्टू टीआय' आला बघा. टायटॅनियमचं अंग, सफायरची काच, युरोपात किंमत 7,900 युरो. आत काय? अँड्रॉइड 4.0, जे तेव्हाच मागे पडलेलं होतं. आणि 4जी नाही. 2012 च्या आयफोन 5 मध्ये 4जी होतं, ह्यात नाही. आता पुढचं गणित तुम्हीच करा. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ सुरू झालं, ते फक्त 4जी वर. खाली 2जी, 3जी काही नाहीच. त्या साडेसात-आठ हजार युरोंच्या फोनमध्ये जिओचं सिम टाकलं असतं तर नेटवर्कच आलं नसतं. आणि त्याच सुमारास आपला रिक्षावाला दादा सहा-सात हजारांच्या फोनवर त्याच सिमने मुलीशी व्हिडिओ कॉल करत होता.

2012 मध्ये नोकियाने व्हर्टूतला बहुतेक हिस्सा विकला, नंतर मालक बदलत गेले आणि 2017 मध्ये इंग्लंडमधलं काम बंद पडलं. ते नाव पुढे दुसऱ्यांनी घेतलं, त्या नावाचे फोन आजही मिळतात, तो विषय वेगळा. सांगायचं एवढंच की आईच्या पाटल्या चाळीस वर्षांनी मोडायला काढल्या तरी सोनाराकडे वजनाने पैसे येतात. फोनचं टायटॅनियम, माणिक, सफायर शाबूत राहिलं तरी त्याच्यातली चिप, नेटवर्क पकडणारा रेडिओ आणि सॉफ्टवेअर म्हातारं होतं, आणि त्याला मोड नसते. न म्हाताऱ्या होणाऱ्या वस्तूच्या पोटात लवकर म्हातारी होणारी वस्तू बसवायची, तिथेच सगळा लोचा आहे. हिरे जडवलेले, सोन्याचा मुलामा दिलेले फोन कुणी दाखवले तर मी हाच विचार करतो, आणि कौतुक करून परत देतो.

आता दुसरी जात. इथे थोडं थांबायला हवं, कारण तुमच्यापैकी निम्म्यांच्या खिशात तीच आहे.

2008 मध्ये आयफोन 3जी आपल्याकडे आला, 8 जीबीचा, 31,000 रुपयांना. लोकांना तेव्हा वेडेपणा वाटला होता. 2017 चा आयफोन टेन 89,000 ला. आणि 2025 चा 17 प्रो मॅक्स 1,49,900 पासून पुढे. ह्यातला पैसा जातो कुठे? आयफोन टेनचं पोट उघडून आयएचएस मार्किट ह्या संस्थेने सुट्या भागांचा खर्च सुमारे 370 डॉलर काढला होता. अमेरिकेत फोन 999 डॉलरला. हे ऐकून लोक म्हणतात, बघा, लूट! तसं नाही हो. सुट्या भागांत सॉफ्टवेअर नसतं, चिप डिझाइन करायची वर्षं नसतात, जाहिरात नसते, दुकानदाराचं कमिशन नसतं. नफा भरपूर आहे, नाकारायचं काही कारण नाही; पण भागांची बेरीज म्हणजे फोनची किंमत नव्हे.

आपल्याकडे त्यात कर. मोबाइलवरचा जीएसटी 1 एप्रिल 2020 पासून 12 टक्क्यांचा 18 टक्के झाला. 1,49,900 मध्ये 22,866 रुपये नुसता जीएसटी आहे. म्हणूनच धंदेवाला माणूस कंपनीच्या नावाने जीएसटी बिल घेतो आणि क्रेडिट मिळवतो, म्हणजे भरलेला जीएसटी आपल्या देण्यातून वजा करून घेतो. पगारदार माणूस पूर्ण भरतो. दोघांच्या हातात एकच फोन, पण किंमत एक नाही. शेजारच्या ऑफिसातले शेठ घेतात म्हणून आपण घ्यायचा, त्याआधी हे लक्षात असू द्या.

आणि मेमरी. त्याच मॉडेलमध्ये 256 जीबीवरून 512 ला जायचं तर 20,000 रुपये जास्त. तेवढ्या पैशात लॅमिंग्टन रोडवर कॉम्प्युटरची एसएसडी डिस्क किती मोठी येते, कधी विचारून बघा. माझ्या मते सगळ्या किमतीत ही एकच गोष्ट निव्वळ मस्ती आहे. चिप बोर्डवर सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही, आणि विकणाऱ्याला ते ठाऊक असतं.

बरं, मग चांगलं काय? प्रामाणिकपणे सांगतो: कॅमेरा, आणि आयुष्य. 2015 चा आयफोन 6एस घ्या. 2021 मध्ये आलेली आयओएस 15 त्याच्यावर चालली. गूगलने 2023 मध्ये पिक्सेल 8 ला आणि सॅमसंगने 2024 मध्ये एस24 ला सात वर्षं अपडेट द्यायचं जाहीर केलं. स्वस्त अँड्रॉइडचं काय होतं, मी रोज बघतो. हार्डवेअर ठणठणीत, स्क्रीन छान, आणि काका सांगत येतात, 'बँकेचं ॲप उघडत नाही, काय झालंय बघ रे.' काहीही झालेलं नसतं. कंपनीने अपडेट बंद केलेलं असतं, आणि बँक जुन्या अँड्रॉइडला आत घेत नाही. मी काय बघणार!

म्हणजे महाग फोन तुम्ही सहा वर्षं वापरणार असाल तर हिशेब जुळतो. दर दोन वर्षांनी बदलणार असाल तर जुळत नाही. आणि वापरणार असाल तर मधला खर्च धरायचाच. बॅटरी घ्या. ॲपल सांगतं की आयफोन 15 पासून पुढच्या बॅटऱ्या 1,000 चार्ज सायकलनंतर (एक सायकल म्हणजे बॅटरी एकदा पूर्ण वापरून होणं) 80 टक्के क्षमता राखतील, त्याआधीच्या 500 ला. सहा वर्षांत एकदा बदलावी लागणार, असं धरून चाला. डिस्प्लेचं दुखणं मोठं. वरच्या मॉडेलचा कंपनीचा डिस्प्ले वॉरंटीबाहेर बदलायला तीस हजारांच्या पुढे लागतात. मग गिऱ्हाईक बाजारात येतं, आणि बाजारात 'ओरिजिनल' शब्दाला पाच अर्थ आहेत: दुसऱ्या फोनमधून काढलेला अस्सल, रिफर्ब म्हणजे अस्सलच पण काच बदलून नीट केलेला, सॉफ्ट ओलेड आणि हार्ड ओलेड म्हणजे बाहेर बनवलेले, एक लवचीक आणि एक कडक पट्टीवरचा, आणि सगळ्यात खाली इनसेल, म्हणजे साधा एलसीडी. इनसेल लावला की दीड लाखाच्या फोनचा काळा रंग राखाडी दिसतो, फोन जाड वाटतो, आणि सेटिंगमध्ये 'अज्ञात भाग' अशी पाटी येते. दुकानात शिरताना 'डिस्प्ले किती?' एवढंच विचारू नका. 'कुठला डिस्प्ले?' हे विचारा.

पावसाळ्याचं सांगितल्याशिवाय मुंबईत हा विषय पुरा होत नाही. फोनवर आयपी68 लिहिलेलं असतं, म्हणजे धूळ आणि पाणी आत न शिरू देण्याची श्रेणी. ती चाचणी गोड्या पाण्यात, प्रयोगशाळेत, नव्या फोनवर. आपल्याकडे समुद्राची खारी हवा, कुर्ल्याचं तुंबलेलं पाणी आणि घामाचा खिसा. आतला रबरी-चिकट सील दोन-तीन वर्षांत आणि एकदा फोन उघडला की लगेच सैल पडतो. जून संपता संपता माझ्याकडे येणारे बोर्ड पाहा: चार्जिंग पिनच्या मुळाशी हिरवट-पांढरा थर. आमच्या भाषेत 'कार्बन आला'. आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ ब्रश, वरचं पत्र्याचं शील्ड काढून चिपच्या कडेकडेने हळूहळू घासायचं. वाचला तर वाचला. पाण्याने बिघडलं तर वॉरंटीत बसत नाही, हे बहुतेक कंपन्या बारीक अक्षरात लिहितात. फोनची किंमत ह्या बाबतीत काडीची मदत करत नाही. पाच रुपयांची झिप पिशवी करते.

ईएमआयबद्दल कुणी विचारेल म्हणून आधीच सांगतो. 'नो कॉस्ट' म्हणजे व्याज नाही, असं नव्हे. 1,20,000 चा फोन बारा हप्त्यांत, दरमहा 10,000. बँक 15 टक्के लावत असेल तर त्यात सुमारे 9,200 रुपये व्याज असतं. तेवढी सूट विकणारा आधीच देतो, म्हणून तुम्हाला दिसत नाही. पण त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे सोळाशेच्या वर रुपये, आणि वर प्रोसेसिंग फी, हे तुमच्याच कार्डावर येतं. रोख घेतला असता तर ती सूट तुम्हाला मागता आली असती, ते वेगळंच.

आता राहिलं मिरवणं. मी त्याला नावं ठेवणार नाही. वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्समध्ये, म्हणजे बीकेसीत, एप्रिल 2023 मध्ये ॲपलचं दुकान उघडलं तेव्हा रांगेत उभी राहिलेली पोरं काही मूर्ख नव्हती. हौसेला मोल नसतं, आणि इस्टेट एजंटने मीटिंगमध्ये टेबलावर कुठला फोन ठेवला ह्याने कधीकधी सौदा हलतो, हेही खरं. फक्त ती हौस आहे हे मान्य करून घ्या. 'कॅमेऱ्यासाठी घेतला' असं बायकोला सांगायचं आणि वर्षभर व्हॉट्सॲपवर सुप्रभात पाठवायचं, हे माझ्या समोर करू नका. आणि लोकलच्या दारात उभं राहून तर अजिबात काढू नका. रुळांच्या कडेला काठी घेऊन हातावर फटका मारणारे असतात, त्यांना मॉडेल लांबून ओळखता येतं.

मागच्या रांगेतून प्रश्न आलाय: मग तुम्ही स्वतः काय घ्याल? मी गेल्या वर्षीचा वरचा फोन सेकंडहँड घेतो. पहिल्या वर्षातली मोठी घसरण दुसऱ्या कुणीतरी भरलेली असते, आणि अपडेटची बरीच वर्षं शिल्लक असतात. मनीष मार्केट असो, हिरा पन्ना असो, की ओळखीतला माणूस, पद्धत एकच. बिल आणि बॉक्स मागायचा. *#06# दाबून आलेला आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख नंबर, बॉक्सवरच्या नंबराशी जुळवायचा. मग इंग्रजीत KYM लिहून, जागा सोडून तोच नंबर 14422 वर एसएमएस करायचा. चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला असेल तर तिथे कळतं. बॅटरी हेल्थ बघायची, सेटिंगमध्ये भाग बदलल्याची पाटी आहे का बघायची, आणि जुन्या मालकाला त्याचा अकाउंट फोनमधून तुमच्यासमोर काढून टाकायला लावायचा. 'घरी जाऊन काढतो' म्हणाला तर उठून चालू पडा, कितीही स्वस्त देत असला तरी.