जुनी मोटार, नवे नाव आणि कराची पावती

नमस्कार, श्रोतेहो.

द्राक्षांचे पैसे हाती आले की तासगाव, पलूस, कवठेमहांकाळकडच्या घरांत जुन्या मोटारीचा विषय निघतो, आणि मग सुट्टीच्या दिवशी चार माणसे मिळून गाडी पाहायला जातात. टायर पाहिले जातात, बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकला जातो, ओळखीच्या मेकॅनिकला सोबत नेले जाते. कागदांबाबत मात्र एकच प्रश्न विचारला जातो, "कागदपत्रे ठीक आहेत ना?", आणि समोरचा "एकदम ठीक" म्हणाला की विसार दिला जातो. या एका प्रश्नाच्या पोटात खरे तर तीन प्रश्न आहेत. गाडी आज कोणाच्या नावावर आहे, तिच्यावर कोणाचा बोजा आहे, आणि तिचा कर कोणत्या राज्याला भरला आहे. या तिन्हींची उत्तरे विकणाऱ्याच्या तोंडून न घेता कागदावरून घ्यावीत, आणि ती मिळेपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये, असे माझे मत आहे.

पहिला प्रश्न नावाचा. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे आणि त्यातील कलम ५० मालकीच्या हस्तांतरणाविषयी आहे. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर चौदा दिवसांत तशी सूचना परिवहन कार्यालयाला द्यावी, आणि विकत घेणाऱ्याने तीस दिवसांत आपल्या राहत्या ठिकाणच्या कार्यालयाकडे नाव चढवण्याची मागणी करावी, असे हे कलम सांगते. विकणाऱ्याची सूचना फॉर्म २९ वर आणि घेणाऱ्याचा अर्ज फॉर्म ३० वर असतो. आपल्याकडे या दोघांना मिळून टीटी फॉर्म म्हणतात, आणि जुन्या गाड्यांच्या व्यवहारातले बहुतेक तंटे या टीटी फॉर्मवरच्या कोऱ्या सहीतून जन्माला येतात.

ते असे. मूळ मालक गाडी मध्यस्थाला देतो, पैसे घेतो आणि टीटी फॉर्मवर सही करून मोकळा होतो. घेणाऱ्याचे नाव, तारीख, रक्कम हे सगळे रकाने कोरे असतात. मध्यस्थ गाडी स्वतःच्या नावावर करून घेत नाही, कारण प्रत्येक नोंदीबरोबर आरसीवरचा, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरचा, मालकाचा अनुक्रमांक वाढतो, आणि फर्स्ट ओनरची गाडी थर्ड ओनरची झाली की तिचा भाव उतरतो. मग तोच सही केलेला कोरा कागद गाडीबरोबर दुसऱ्याकडे आणि तिसऱ्याकडे जातो. या साऱ्या काळात सरकारदरबारी मालक एकच राहतो, तो म्हणजे ज्याने दोन वर्षांपूर्वी गाडी विकली आणि ती विसरूनही गेला तो. ई-चलन त्याच्या मोबाईलवर येते आणि अपघात झाला तर नोटीसही त्याच्याच दारी येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशाच एका प्रकरणात स्पष्ट केले, की गाडी प्रत्यक्षात अनेक हातांतून पुढे गेली असली, तरी नोंदवहीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक ठरतो आणि अपघातग्रस्ताच्या भरपाईची जबाबदारीही त्याच्यावरच येते. त्यामुळे नाव लवकर बदलणे ही घेणाऱ्यापेक्षा विकणाऱ्याची अधिक गरज आहे; पण पैसे खिशात पडलेल्या माणसाला घाई नसते, हा मनुष्यस्वभाव आहे. पाचशे रुपयांच्या मुद्रांक कागदावर नोटरीसमोर केलेला विक्रीचा करार जवळ असला, तर तुमच्या आपसातल्या वादात त्याचा पुरावा म्हणून उपयोग होतो. आरसीवरचे नाव मात्र त्याने बदलत नाही.

मध्यस्थांच्या या अडचणीवर केंद्र सरकारने नियमांतून वाट काढली आहे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांना परिवहन कार्यालयाकडून अधिकारपत्र घेण्याची सोय झाली. असा अधिकृत विक्रेता गाडी ताब्यात घेताना मूळ मालकासह फॉर्म २९ सी भरून कार्यालयाला कळवतो, आणि तेव्हापासून ती विकली जाईपर्यंत तोच तिचा मालक मानला जातो. मालकाचा अनुक्रमांक वाढत नाही आणि मूळ मालकाच्या डोक्यावरची टांगती तलवारही जाते. सांगली-मिरज रस्त्यावर असो वा कराडला, विक्रेत्याकडे हे अधिकारपत्र आहे का, एवढे विचारायला संकोच करू नये.

आता आरसी हातात घ्या. त्यावरचा चासी क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकाशी स्वतः ताडून पाहा. टीटी फॉर्मबरोबर त्याचा पेन्सिलीने घेतलेला ठसा लागतो, तो तुमच्या देखत घेतलेला बरा. विकणारा म्हणून पुढे आलेला माणूस आणि आरसीवरचा माणूस एकच आहे का, हेही पाहा. आरसी वडिलांच्या नावावर असेल आणि वडील हयात नसतील, तर मुलाची सही चालत नाही. आधी वारसाने फॉर्म ३१ भरून, मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती जोडून गाडी आपल्या नावावर करून घ्यावी लागते, त्यानंतरच ती विकता येते. मृत्यूनंतर तीस दिवसांत कार्यालयाला कळवणे आणि तीन महिन्यांत हा अर्ज करणे अपेक्षित असते. प्रत्यक्षात बऱ्याच घरांत ग्राहक दारात उभा राहीपर्यंत कोणाला त्याची आठवण होत नाही. अशा गाडीला विसार देऊन अडकून पडण्यापेक्षा, वारसाचे नाव चढल्यावर येतो, असे सांगून उठलेले चांगले.

दुसरा प्रश्न बोजाचा. गाडी कर्जावर घेतलेली असेल तर आरसीवर बँकेचे, वित्तसंस्थेचे किंवा पतसंस्थेचे नाव असते. कर्ज फिटले म्हणून ते आपोआप जात नाही. बँकेने ना हरकत पत्र आणि आपल्या सहीशिक्क्याचा फॉर्म ३५ द्यायचा असतो, आणि तो कार्यालयात दाखल झाल्यावर बोजा उतरतो. "कर्ज फिटलंय, पत्र नंतर देतो," असे कोणी म्हणाले तर रकमेचा मोठा भाग आपल्याकडे रोखून ठेवावा. कर्ज अजून बाकी असेल तर खरेदीच्या रकमेतून ते थेट बँकेच्या कर्जखात्यात भरावे आणि पावती जपावी. विकणाऱ्याच्या हातात ती रक्कम देणे धोक्याचे आहे, मग तो पाहुण्यांतला का असेना.

आता कराकडे वळतो, कारण आपल्या जिल्ह्यात खरी फसगत इथे होते. महाराष्ट्रात खासगी मोटारीचा कर नवी गाडी घेतानाच एकरकमी भरला जातो. पेट्रोल गाडीला किमतीच्या टप्प्यानुसार अकरा, बारा किंवा तेरा टक्के, आणि डिझेलला तेरा, चौदा किंवा पंधरा टक्के, असे त्याचे दर आहेत. म्हणून पुण्याची एमएच बारा किंवा कोल्हापूरची एमएच नऊ पासिंगची खासगी मोटार सांगलीच्या माणसाने स्वतःच्या नावावर घेतली, तर नंबरही बदलत नाही आणि एकरकमी करही पुन्हा भरावा लागत नाही. फक्त हस्तांतरणाचे शुल्क आणि नव्या कार्डाचे पैसे भरायचे, आणि ते शंभरांत मोजण्याइतके असतात. एजंट त्याचे काही हजार सांगत असेल, तर त्यातले सरकारी शुल्क किती आणि त्याची मजुरी किती, हे पावती मागून समजून घ्यावे. मजुरी घेण्यात गैर काही नाही, पण ती कर म्हणून सांगू नये.

परराज्याची गाडी असेल तर हिशोब पूर्ण बदलतो. मिरजेतून निघालेला माणूस थोड्याच वेळात कर्नाटकात असतो, नातीगोती दोन्हीकडे आहेत, आणि चिक्कोडीची केए तेवीस किंवा बेळगावची केए बावीस पासिंगची गाडी कोणीतरी "आजीवन कर भरलेला आहे" असे सांगून दाखवतो. तो खोटे बोलत नाही. कर आजीवनच भरलेला असतो, पण तो कर्नाटक सरकारला, आणि महाराष्ट्राच्या तिजोरीला त्याचा उपयोग नाही. ही गाडी तुमच्या सांगलीच्या पत्त्यावर नोंदवताना महाराष्ट्राचा कर भरावा लागतो, आणि तो ठरतो गाडीच्या मूळ बिलाच्या किमतीवरून व तिच्या वयावरून, तुमच्या सौद्याच्या रकमेवरून नव्हे. समजा, सात वर्षांपूर्वी आठ लाखांच्या बिलाची पेट्रोल मोटार तुम्ही आज तीन लाखांना घेतली. नवी असताना तिला अकरा टक्क्यांनी अठ्ठ्याऐंशी हजार रुपये कर बसला असता. वयानुसार त्यातून घट मिळेल, पण घट धरण्याचा आकडा आठ लाखांवरचा असतो, तीन लाखांवरचा नाही. मूळ बिल याचसाठी मागून घ्यायचे. परराज्याची गाडी स्वस्त का पडते, याचे उत्तर बरेचदा या रकमेत सापडते.

कर्नाटकात भरलेल्या कराचा उरलेल्या काळापुरता परतावा मागता येतो, पण त्यासाठी आधी इथे कर भरून नवी नोंदणी झाल्याचा पुरावा तिथल्या कार्यालयाला द्यावा लागतो. म्हणजे पैसे आधी खिशातून जातात. परतावा कोणी मागायचा आणि आलेली रक्कम कोणाची, हे सौद्याच्या वेळीच लिहून घ्यावे, आणि तो मिळेल असे धरून गाडीची किंमत वाढवून देऊ नये.

परराज्याच्या गाडीला मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. त्यासाठी फॉर्म २८ वर अर्ज विकणाऱ्यानेच करायचा असतो, आणि गाडी चोरीची नसल्याची खातरजमाही त्यात होते. विकणाऱ्याला अशा वेळी चौदाऐवजी पंचेचाळीस दिवसांची मुदत आहे. हे प्रमाणपत्र हाती आल्याशिवाय गाडी सीमेच्या अलीकडे आणू नये, असे मी आग्रहाने सांगेन. "बारा महिने तोच नंबर चालतो" हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकवले जाईल. कलम ४७ मध्ये बारा महिन्यांचा उल्लेख आहे हे खरे, पण तो गाडी दुसऱ्या राज्यात ठेवल्यावर नवा नंबर घेण्यापुरता आहे. तुम्ही गाडी विकत घेतली आहे, तेव्हा नाव बदलण्याची तीस दिवसांची मुदत तुम्हाला लागू होतेच. बारा महिन्यांच्या भरवशावर बसलेल्याला वर्षाअखेरीस विकणारा फोन उचलताना दिसत नाही.

दिल्लीकडून येणाऱ्या गाड्यांबाबत थोडे अधिक सावध राहावे. राजधानी परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यांना दुजोरा दिला, आणि तेव्हापासून तिथल्या चांगल्या दिसणाऱ्या डिझेल गाड्या इतर राज्यांत स्वस्तात विकल्या जाऊ लागल्या. अशी नऊ-दहा वर्षांची गाडी घेतली तर तिच्या पंधरा वर्षांच्या नोंदणीतली पाच-सहा वर्षेच उरतात. पुढे नूतनीकरण पाच वर्षांचे होते, त्याचे केंद्रीय शुल्क मोटारीला पाच हजार रुपये आहे, वीस वर्षांपुढे दहा हजार, आणि शिवाय राज्याचा पर्यावरण कर द्यावा लागतो.

बीएच नंबरची गाडी हा आणखी वेगळा प्रकार. बदली होणाऱ्या नोकरदारांसाठी २०२१ मध्ये ही मालिका सुरू झाली, आणि तिचा कर एकरकमी नसून दोन-दोन वर्षांनी भरायचा असतो. तो कुठपर्यंत भरला आहे, हे पाहूनच बोलणी करावीत. तुम्ही त्या मालिकेसाठी पात्र नसाल तर गाडी राज्याच्या नंबरवर आणून इथला कर भरावा लागेल. पिवळ्या पाटीची टॅक्सी पांढऱ्या पाटीवर आणून विकली जात असेल, तर परवाना रीतसर परत केल्याचा आणि कराचा फरक भरल्याचा कागद मागावा.

विम्याची पॉलिसी गाडी घेणाऱ्याने चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायची असते. गाडी विकली की तिसऱ्या पक्षाला होणाऱ्या नुकसानीचे विमासंरक्षण कायद्याने गाडीबरोबर पुढे येते, पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण तसे येत नाही. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, त्याचाच राहतो, त्यामुळे हप्त्यातला फरक भरावा लागतो. सांगलीत २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलेल्यांना वेगळे सांगायला नको, की त्या काळात पाण्यात बुडालेल्या किती गाड्या धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या असतील. पॉलिसी हातात असतानाच त्या गाडीवर पूर्वी मोठा दावा झाला होता का, हे विमा कंपनीकडे विचारून घ्यावे.

बाकी किरकोळ. पीयूसी, म्हणजे प्रदूषण तपासणीचा दाखला, चालू असावी, थकलेली ई-चलने विकणाऱ्याने भरावीत, आणि गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असेल तर तिला उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी बसलेली असावी, नाहीतर कार्यालयातले काम तिथेच अडते. अर्ज सरकारच्या 'वाहन' नावाच्या प्रणालीवर ऑनलाइन भरला जातो आणि त्यात नोंदणीला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी जातो, म्हणून जुन्या मालकाचा चालू मोबाईल क्रमांक नोंदवलेला आहे का, हे विसाराच्या दिवशीच तपासावे. त्याचा फास्टॅगही बंद करून तुमच्या नावाचा नवा घ्यावा, नाहीतर तासवडे आणि किणीच्या नाक्यांवरचा टोल त्याच्या खात्यातून कापला जात राहील. नव्या नावाचे आरसी कार्ड टपालाने घरी येते, तेव्हा अर्जातला पत्ता वाडी-वस्ती, गल्ली आणि पिनकोडसह लिहावा, कारण अपुऱ्या पत्त्याचे कार्ड कार्यालयात परत जाते आणि ते मिळवायला पुन्हा खेटे घालावे लागतात.

नमस्कार.