हाडांचं औषध बंद करायच्या आधी हा व्हिडिओ बघा

नमस्कार! आईचा किंवा वडिलांचा डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी झाली, तिचा आकडा, म्हणजे टी-स्कोअर, उणे २.५ च्याही खाली आला, म्हणजे हाडं ठिसूळ झाली (ऑस्टिओपोरोसिस), आणि डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी लिहून दिली. की घरात प्रश्न ठरलेला: "कॅल्शियम चालू आहे ना, मग ही आणखी कशाला?"

कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हवंच, पण तो झाला कच्चा माल. उतारवयात हाड बांधणाऱ्या पेशी मागे पडतात, झिजवणाऱ्या पुढे जातात. ॲलेन्ड्रोनेट, रिसेड्रोनेट या गोळ्या झिजवणाऱ्या पेशींना आवर घालतात. त्यामुळे मणक्याचं, खुब्याचं फ्रॅक्चर होण्याची शक्यता कमी होते.

पण गोळी भारी नखरेल! ॲलेन्ड्रोनेट पोटात गेलं तरी एक टक्कासुद्धा अंगी लागत नाही. त्यात चहा, कॉफी, दूध आलं की तेही गेलं. म्हणून सकाळी उठल्यावर, उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. पुढचा अर्धा तास काही खायचं नाही आणि आडवंही व्हायचं नाही, कारण गोळी अन्ननलिकेत रेंगाळली तर तिथे जखम होऊ शकते. कॅल्शियमची गोळी नंतर, जेवणाबरोबर.

तेवढा वेळ बसवत नसेल, गिळायला त्रास होत असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. झोलेड्रोनिक ॲसिड वर्षातून एकदा सलाईनमधून देतात. पहिल्या वेळी दोन-तीन दिवस कणकण, अंगदुखी होऊ शकते. त्याआधी किडनीची तपासणी मात्र करून घ्यायची.

या औषधांचा अंश हाडात वर्षानुवर्षं राहतो. म्हणून गोळी साधारण ५ वर्षं घेतल्यावर, धोका कमी असेल तर, डॉक्टर काही काळ सुट्टी देतात.

आता नीट ऐका. ही सुट्टी डेनोसुमॅबला लागू नाही! हे दर ६ महिन्यांनी त्वचेखाली घ्यायचं इंजेक्शन. औषध चांगलं आहे, पण त्याचा असर हाडात साठून राहत नाही. डोस चुकला की दबलेली झीज उसळून येते आणि काही जणांचे एकापाठोपाठ एक मणके दबतात. "आता बरं वाटतंय, पुढच्या वेळी बघू" हे इथे चालतच नाही. बंद करायचंच असेल, तर त्याच्या जागी दुसरं औषध सुरू करावं लागतं. माझं मत विचाराल तर पुढच्या डोसची तारीख घरातल्या दोघांच्या तरी फोनमध्ये हवी.

हाड नव्यानं बांधणारं टेरिपॅराटाइडही आहे, रोज टोचायचं, सहसा २ वर्षांपर्यंत. ते संपल्यावरही झीज रोखणारं औषध लागतंच, नाहीतर कमावलेलं हाड परत जातं.

झीज रोखणाऱ्या या औषधांमुळे जबड्याच्या हाडाची गुंतागुंत क्वचित होते, तरी दात काढायचा असेल तर दंतवैद्यांना हे औषध चालू आहे असं आधी सांगा. आणि गोळी किंवा इंजेक्शन चालू असताना मांडीत किंवा जांघेत विनाकारण दुखत राहिलं, तर "वयामुळे असेल" म्हणू नका. त्याच आठवड्यात दाखवा, एक्स-रे काढावा लागू शकतो.