खेळातली गाडी नेमकी कोणती?

[दृश्य: निळं आकाश, कडेला ताडाची झाडं, समोर सरळ गेलेला रस्ता. मध्यभागी पाठमोरी लाल गाडी.]

१९८६ साली सेगा कंपनीने आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रांवर, 'आउटरन' हा गाडी पळवायचा खेळ आणला. पडद्यावर उघड्या छताची लाल गाडी, आत दोघं जण, स्टीअरिंग डावीकडे. फेरारीची रीतसर परवानगी घेतलेली नव्हती. तरीही गाड्यांची थोडीफार माहिती असलेल्या माणसाला सांगावं लागलं नाही की ही टेस्टारोसा आहे. मागच्या दिव्यांवरून आडव्या गेलेल्या काळ्या पट्ट्या आणि पाठीमागून दिसणारी ती अफाट रुंदी, ओळख पटायला एवढं पुरेसं होतं.

आता गंमत बघा. ही गाडी शोरूममध्ये मिळतच नव्हती. फेरारी टेस्टारोसा विकायची ती बंद छताची. कारखान्याने अधिकृतपणे घडवलेली उघडी टेस्टारोसा एकच मानली जाते. तीही १९८६ चीच, फियाटचे प्रमुख जानी आन्येल्ली यांच्यासाठी बनवलेली. आणि ती लाल नव्हती, चंदेरी होती. म्हणजे जगभरातल्या मुलांनी नाण्यामागून नाणं टाकत जी टेस्टारोसा पळवली, ती त्या रूपात कारखान्यातून कधी बाहेरच पडली नाही.

ही चूक म्हणायची का? माझ्या मते हा निर्णय होता. पाठीमागून बघताना बंद छताच्या गाडीत माणसं दिसणार नाहीत. छत काढलं की ड्रायव्हर दिसतो, शेजारी बसलेलीचे उडणारे केस दिसतात, वेग जाणवतो. खेळाचे कर्ते यू सुझुकी यांना खरी गाडी ठाऊक नव्हती असं अजिबात नाही. पण पुढे वर्षं सरली, परवान्याचे नियम कडक झाले आणि याच खेळाच्या नंतरच्या काही आवृत्त्यांत गाडीचा आकार फेरारीपासून थोडा दूर न्यावा लागला. त्यामुळे 'आउटरन'ची गाडी कोणती, हे विचारण्याआधी 'कोणत्या आवृत्तीतली' हे विचारावं लागतं.

[दृश्य: टेस्टारोसाची बाजू. कॅमेरा हळूहळू काचेच्या पुढच्या खांबाकडे सरकतो.]

टेस्टारोसाजवळ अजून थोडं थांबू या. खेळातली गाडी तपासायची कशी, हे शिकवायला याहून चांगली गाडी सापडणार नाही.

दारावरच्या लांब पट्ट्या सगळ्यांना दिसतात. रेडिएटर बाजूला, दारांच्या मागे आहेत आणि त्यांना लागणारी हवा या पट्ट्यांमधून आत जाते. पण पट्ट्यांवरून फक्त नाव कळतं, वर्ष कळत नाही. वर्षासाठी आरसा बघायचा. सुरुवातीच्या बहुतेक टेस्टारोसांना बाहेरचा आरसा एकच असायचा. तोही ड्रायव्हरच्या बाजूला, काचेच्या खांबावर अर्ध्या उंचीत, हात वर करून धरल्यासारखा. इटालियन शौकीन त्या गाडीला 'मोनोस्पेक्किओ' म्हणतात. १९८७ च्या सुमारास आरसे दोन झाले आणि खाली, नेहमीच्या जागी आले. मग चाकं बघायची. आधीच्या गाड्यांत चाक मधोमध एकाच मोठ्या नटाने बसवलेलं असे, १९८८ पासून पाच बोल्ट आले. त्यानंतर '५१२ टीआर' आली, आणि १९९४ मध्ये 'एफ ५१२ एम'. हिच्यात उघडझाप करणारे हेडलाइट जाऊन स्थिर दिवे आले आणि मागे पट्ट्यांच्या जागी गोल दिवे.

आता समजा एखाद्या खेळात गाडीच्या नावापुढे १९८४ लिहिलंय, पण आरसे दोन आहेत आणि चाकांना पाच बोल्ट आहेत. तर कलाकाराच्या समोर ठेवलेली गाडी १९८८ किंवा त्यानंतरची होती. नाव एका वर्षाचं, अंग दुसऱ्या वर्षाचं. अशा गाड्या रेसिंग खेळांमध्ये बऱ्याच सापडतात, आणि माझ्या दृष्टीने त्या शोधण्यातच खरी मजा आहे. कारण अशा चुकीतून खेळ बनवणाऱ्यांच्या टेबलावर नेमकी कोणती गाडी होती, ते कळतं.

[दृश्य: जुना प्लेस्टेशन. पडद्यावर थरथरणाऱ्या कडांची गाडी.]

प्लेस्टेशनवरच्या 'ग्रॅन टुरिस्मो' या शर्यतीच्या खेळमालिकेतला पहिला खेळ डिसेंबर १९९७ मध्ये जपानात आला. त्यातली एक गाडी साधारण तीनशे पॉलिगॉनची, म्हणजे जोडून आकार बनवणाऱ्या सपाट तुकड्यांची. तीनशे तुकड्यांत हेडलाइट घडवता येत नाही, तो रंगवावा लागतो. दाराची फट, बोनेटची कड, नंबरप्लेट, सगळं चित्र, सपाट पत्र्यावर चिकटवलेलं. मेमरी वाचवायची म्हणून त्या काळी बरेचदा गाडीची एकच बाजू रंगवायची आणि तीच उलटी करून पलीकडे लावायची, अशी सर्रास पद्धत होती.

इथे खरी गाडी आणि खेळातली गाडी वेगळी पडते, कारण खरी गाडी दोन्ही बाजूंनी सारखी नसते. पेट्रोलचं झाकण एका बाजूला असतं. अनेक गाड्यांना मागे एका बाजूला रिव्हर्सचा पांढरा दिवा आणि दुसऱ्या बाजूला धुक्याचा लाल दिवा असतो. मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशनच्या काही पिढ्यांत पुढची नंबरप्लेट मध्यभागी नसून एका अंगाला असते. बाजू उलटी करून चिकटवली की पेट्रोलचं झाकण दोन्हीकडे उगवतं आणि दारावरची अक्षरं एका बाजूला आरशात पाहिल्यासारखी उलटी दिसतात. जुन्या खेळात हे दिसलं की कलाकाराला बोल लावू नये. यंत्राची मर्यादा होती आणि त्या मर्यादेत त्याने ओळखू येणारी गाडी उभी केली.

पुढे तुकडे वाढले. 'ग्रॅन टुरिस्मो ४' पर्यंत एका गाडीला सुमारे चार हजार आणि २०१० च्या 'ग्रॅन टुरिस्मो ५' मध्ये दोन लाखांच्या घरात. पण 'ग्रॅन टुरिस्मो ५' मध्ये हजाराहून जास्त गाड्या होत्या आणि एवढ्या सगळ्या नव्याने घडवणं शक्य नव्हतं. म्हणून गाड्यांच्या दोन जाती झाल्या. साधारण दोनशे 'प्रीमियम', आतल्या शिलाईपर्यंत नव्याने बनवलेल्या. उरलेल्या आठशेच्या आसपास 'स्टँडर्ड', म्हणजे प्लेस्टेशन २ आणि पीएसपी या हातात धरून खेळायच्या यंत्राच्या काळातल्या, तशाच उचलून आणलेल्या. एकाच शर्यतीत या दोन जाती शेजारी उभ्या राहिल्या की फरक लपत नसे. एकीच्या दिव्यात काचेची खोली, दुसरीच्या दिव्यात नुसतं चित्र.

[दृश्य: माझदा आरएक्स-७. आधी मागची बाजू, मग पुढचा बंपर.]

आता प्रश्न देशाचा. गाडी कोणत्या बाजारासाठी बनली हे ठरवायला स्टीअरिंगची बाजू ही पहिली खूण. दुसरी खूण अंगावरचे छोटे दिवे. अमेरिकेत १९६८ पासून गाडीच्या बाजूंना दिवे किंवा परावर्तक सक्तीचे आहेत, पुढे नारिंगी, मागे लाल. एखाद्या युरोपीय गाडीच्या चाकाच्या कमानीजवळ तशी पट्टी दिसली तर समोरची गाडी अमेरिकेत विकलेली होती, असं समजायला हरकत नाही.

अशा खुणा एकमेकींशी भांडायला लागल्या की चूक पकडता येते. माझदा आरएक्स-७ ची शेवटची पिढी, जिला सगळे 'एफडी' म्हणून ओळखतात, तीच घ्या. १९९१ ला ती जपानात आली, अमेरिकेत १९९३ ते १९९५ एवढीच वर्षं विकली गेली. १९९६ मध्ये मागचे दिवे बदलले, गोल झाले. १९९९ मध्ये पुढचा बंपर बदलला, हवेची तोंडं मोठी झाली. ही १९९९ ची गाडी जपानसाठी होती, स्टीअरिंग उजवीकडे. त्यामुळे खेळात नवा मोठ्या तोंडाचा बंपर आणि आत डावीकडे स्टीअरिंग दिसलं, तर कारखान्यातून तशी गाडी आलेली नाही. बहुधा बाहेरचं अंग एका गाडीवरून घेतलं आणि डॅशबोर्ड दुसऱ्या गाडीवरून.

मात्र घाई करू नये. लोक खऱ्या आयुष्यातही बंपर बदलतात. ज्या खेळात गाडी 'जशी कारखान्यातून आली तशी' म्हणून दिलेली आहे, तिथेच ही तपासणी लावायची.

टोयोटाच्या 'एई८६' या सांगाड्याबाबत तर नावाचीच अदलाबदल होते. त्याच सांगाड्यावर दोन गाड्या होत्या. स्प्रिंटर ट्रुएनोचे हेडलाइट वर उघडणारे, कोरोला लेव्हिनचे स्थिर. दिवे बघितल्याशिवाय नाव घेऊ नये.

[दृश्य: पिवळी गाडी, पोर्शे ९११ च्या आकाराची. कॅमेरा छताच्या कडेवर.]

आता अशी गाडी, जिच्याबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ झाला. अनेक वर्षं 'ग्रॅन टुरिस्मो' मध्ये पोर्शे नव्हती. दिसायला पोर्शे होती, पण तिच्यावर नाव होतं 'रूफ'. कारण असं की २००० च्या आसपासपासून २०१६ पर्यंत खेळांसाठी पोर्शेचे हक्क इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या दुसऱ्या खेळ-कंपनीकडे होते. दुसऱ्या कुणाला पोर्शे हवी असेल तर त्यांच्याशी बोलणी करावी लागत. जर्मनीतली रूफ ही कंपनी पोर्शेचे कोरे सांगाडे घेऊन स्वतःच्या गाड्या बांधते आणि तिथल्या सरकारदरबारी ती स्वतंत्र उत्पादक म्हणून नोंदलेली आहे. म्हणून तिच्याशी वेगळा करार करता येत होता.

म्हणून काहींचा समज झाला की रूफ म्हणजे नाव बदललेली पोर्शे. हे रूफवर अन्यायाचं आहे. १९८७ ची त्यांची 'सीटीआर', पिवळ्या रंगामुळे 'यलोबर्ड' नावाने गाजलेली, दोन टर्बोंचं इंजिन आणि ताशी ३४० किलोमीटरच्या आसपासचा वेग. तिचं छत नीट पाहा. त्या काळच्या ९११ ला छताच्या कडेने पावसाच्या पाण्यासाठी पन्हळ असते. रूफने ती काढून कड गुळगुळीत केली, हवा सहज कापली जावी म्हणून. खेळातल्या गाडीला पन्हळ नसेल तर ती सीटीआर नीट बघून घडवलेली आहे. पन्हळ असेल तर कलाकाराने ९११ वर रूफचं नाव चिकटवलं. एवढ्या बारीक रेषेवर सगळा निकाल लागतो.

२०१७ मध्ये 'ग्रॅन टुरिस्मो स्पोर्ट' मध्ये अखेर पोर्शे आली.

[दृश्य: निसान स्कायलाइन जीटी-आर, माहितीचा तक्ता.]

काही चुका खेळाने केलेल्याच नसतात. नव्वदच्या दशकातल्या जपानी गाड्यांच्या तक्त्यात एक आकडा पुन्हा पुन्हा दिसतो, २८० अश्वशक्ती. स्कायलाइन जीटी-आर २८०, सुप्रा २८०, एनएसएक्स २८०. इतक्या वेगवेगळ्या इंजिनांचा आकडा एकच कसा? जपानी उत्पादकांनी आपसात ठरवलं होतं की २८० च्या वरचा आकडा जाहीर करायचा नाही. हा अलिखित करार २००४ पर्यंत टिकला. खरी स्कायलाइन चाचणीच्या यंत्रावर चढवली की आकडा तीनशेच्या पुढे जायचा. खेळाने माहितीपत्रकातला आकडा प्रामाणिकपणे छापला आणि मूळ माहितीपत्रकच पूर्ण खरं नव्हतं.

आवाजाचं प्रकरण याहून अवघड आहे. कागदावर सहा सिलिंडर आणि कानाला आठ, असं खेळात होतं, कारण प्रत्येक गाडी स्वतंत्र ध्वनिमुद्रित करायला गाडी मिळावी लागते, मालक तयार व्हावा लागतो. मग जवळच्या एखाद्या इंजिनाचा आवाज वर-खाली करून वापरला जातो. पण आरएक्स-७ मध्ये पिस्टनच नाहीत, तिचं रोटरी इंजिन वेगळंच गातं. तिला साध्या चार सिलिंडरचा आवाज दिला तर बंपर अगदी बिनचूक असूनही ती आरएक्स-७ राहत नाही, असं मला मनापासून वाटतं.

[दृश्य: डिजिटल दुकानाचं पान. खेळाच्या चित्राखाली खरेदीचं बटण नाही.]

हे सगळं नोंदवून ठेवायला आता वेळ कमी पडतो आहे. गाड्यांचे आणि गाण्यांचे परवाने ठरावीक मुदतीचे असतात. मुदत संपली की खेळ विक्रीतून निघतो. 'फोर्झा होरायझन ३' २०२० मध्ये असाच निघाला, 'फोर्झा होरायझन ४' डिसेंबर २०२४ मध्ये. ज्यांनी आधी घेतले ते खेळू शकतात, नव्याला डिजिटल दुकानात मिळत नाहीत. 'द क्रू' चं तर त्याहून वाईट झालं. मार्च २०२४ च्या शेवटी सर्व्हर बंद झाले आणि पैसे मोजून घेतलेल्यांनाही खेळ उघडता येईना.

या खेळांत अशा गाड्या आहेत, ज्यांच्या अस्सल प्रती जगात मोजक्या उरल्या आहेत आणि त्याही कुलूपबंद गॅरेजात. तेव्हा जो खेळ अजून चालू आहे, त्यातली गाडी समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, चाकाजवळून आणि आतून टिपून ठेवा. सोबत खेळाची आवृत्ती लिहा. गाडीचं नाव, वर्ष, बाजारपेठ लिहा, आणि जे जुळत नाही तेही लिहा: आरसा, पन्हळ, बोल्ट, दिवा.