‘ऊस उभा हाय रानात’ : सेमिनरीत नेमकं शिकवतात काय?

[हातात पिवळट पडलेला कागद. कॅमेऱ्यासमोर धरून.]

नमस्कार मंडळी. हा कागद बघा. निळी शाई माझी, लाल शाई आमच्या सरांची. लाल जास्त दिसतेय, बरोबर. सेमिनरीतला कागद आहे, म्हणजे जिथे पाळक, फादर घडवतात तिथला. माझी एवढी खरडपट्टी दुसऱ्या कुठल्याच कागदानं काढलेली नाही, म्हणून जपून ठेवलाय.

लोक मला विचारतात, ‘सेमिनरीत दिवसभर करता काय? बायबलच वाचता?’ वाचतो की. हिब्रू शिकतो, ती उजवीकडून डावीकडे लिहायची, त्यामुळे पहिला महिनाभर वही उलटीच उघडली जाते. ग्रीक क्रियापदांची रूपं घोकताना शाळेतलं ‘देवः देवौ देवाः’ किती सोपं होतं ते कळतं. चर्चचा इतिहास असतो, नीतिशास्त्र असतं, इतर धर्मांचा अभ्यास असतो. पण आज मला बोलायचंय ते या कागदाबद्दल. याला म्हणतात ‘व्हर्बाटिम’.

आठवड्यातून एक दुपार हॉस्पिटलच्या वॉर्डात जायचं. एखाद्या पेशंटशी बोलायचं. वही-पेन न्यायचं नाही, रेकॉर्डिंग तर नाहीच. खोलीवर परत आलं की झालेलं बोलणं आठवून, शब्दाला शब्द, नाटकातल्या संवादासारखं लिहून काढायचं. मध्ये गप्प बसलात तर तेही लिहायचं. मग पाच-सहा जणांच्या गटात ते मोठ्यानं वाचायचं. माझा पहिला व्हर्बाटिम वाचतो. बाबांची ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय. साखरेमुळे पायाचं बोट काढलं होतं, एवढंच सांगतो.

[कागदावरून वाचत.]

मी : नमस्कार बाबा. कसं वाटतंय आता?
बाबा : आता काय वाटायचं. ऊस उभा हाय रानात.
मी : काळजी करू नका. देव सगळं बघून घेईल.
बाबा : (खिडकीकडे बघतात.) व्हय.
मी : प्रार्थना करू का तुमच्यासाठी?
बाबा : करा की.

संपलं. पुढे अर्धं पान माझी प्रार्थना आहे, ती ऐकवत नाही. मला तर वाटलं होतं झकास झालंय.

सरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘ऊस किती होता?’ मला माहीत नव्हतं. ‘तोडणार कोण होतं? पोरगा आहे का त्यांना? कारखान्याची तोड कधीची होती?’ काहीच माहीत नव्हतं. मग त्यांनी ‘प्रार्थना करू का’ या ओळीखाली लाल रेघ मारली आणि विचारलं, ‘ही प्रार्थना कोणाला हवी होती? बाबांना, की तिथून सुटायला तुला?’

गटात कोणी बोलेना. दीड तास या सहा ओळींवर गेला. मित्राला बाबा केलं, मला पुन्हा तेच बोलायला लावलं, आणि ‘व्हय’ म्हणत त्यानं जेव्हा तोंड फिरवलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्या माणसानं दार उघडलं होतं आणि मी ते देवाचं नाव घेऊन लावून टाकलं होतं. पुढच्या आठवड्यात गेलो तर खाटेवर दुसरंच कोणी. सिस्टर म्हणाल्या, डिस्चार्ज झाला. त्या उसाचं काय झालं ते मला आजतागायत माहीत नाही.

ही पद्धत आली अमेरिकेतून. अँटन बॉइसन नावाचा एक पाळक 1920 मध्ये स्वतःच मनोरुग्णालयात दाखल झाला होता. बरा झाल्यावर 1925 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयात त्यानं धर्मशास्त्राच्या मोजक्या विद्यार्थ्यांना आणून कामाला लावलं. त्याचं म्हणणं असं, की पोथ्या जेवढ्या बारकाईनं वाचता तेवढ्याच बारकाईनं समोरचा माणूस वाचा, तोही एक ग्रंथच आहे. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात हे प्रशिक्षण चालतं. मला विचाराल तर प्रत्येक सेमिनरीत ते सक्तीचं असावं, हिब्रूचे दोन तास कमी झाले तरी चालतील. (आमच्या हिब्रूच्या सरांनी हा व्हिडिओ बघू नये.)

आता सेमिनरी म्हणजे एकाच साच्याची नव्हे, हे पटकन सांगून टाकतो. कॅथलिकांमध्ये 1563 मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेनं ठरवलं की बिशपांनी धर्मगुरू घडवायला सेमिनरी काढायच्या. तिथे आधी तत्त्वज्ञान, मग चार वर्षं ईशज्ञान, म्हणजे धर्मशास्त्र, मध्ये प्रत्यक्ष काम. फादर व्हायला दहा-बारा वर्षं सहज जातात. पुण्यात नगर रोडवर जी पेपल सेमिनरी आहे ती मूळची पुण्याची नाही. 1893 मध्ये ती श्रीलंकेत कँडीला सुरू झाली आणि 1955 मध्ये इकडे आली. प्रोटेस्टंटांकडे बंगालमधलं सेरामपूर हे मोठं नाव. विल्यम केरी हा इंग्रज मिशनरी आणि त्याच्या सोबत्यांनी 1818 मध्ये कॉलेज काढलं, 1827 मध्ये डेन्मार्कच्या राजाकडून (सेरामपूर तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं) पदव्या देण्याची सनद मिळाली. आज देशभरातल्या कितीतरी सेमिनरी बी.डी.ची, म्हणजे धर्मशास्त्राची पदवी सेरामपूरचीच देतात. आणि बिबवेवाडीतली युनियन बिब्लिकल सेमिनरी 1983 मध्ये पुण्यात आली, त्याआधी ती यवतमाळला होती. विदर्भातल्या मंडळींना हे सांगितलं की छाती फुगते.

आता दुसरा भाग : आपल्यापेक्षा वेगळ्या लोकांत जाऊन सेवा करणं. पुस्तकात याला मोठं नाव आहे, पण आमचा तो वर्ग भरायचा मेसमध्ये. एका टेबलावर मिझोरामचा, केरळचा, नागालँडचा आणि मी. मिझो मित्र पाण्यात उकडलेल्या बिनतेलाच्या भाज्या खायचा. आम्ही म्हणायचो, हे पेशंटचं जेवण आहे. तो आमच्या ताटातल्या लाल तर्रीकडे बघून म्हणायचा, ‘यात भाजी कुठे आहे?’ हसण्यावारी नेलं, पण पुढे माझ्या लक्षात आलं की ‘साधं जेवण’ म्हणजे आपलंच जेवण, असं मी आयुष्यभर धरून चाललो होतो.

भाषेचा घोळ तर विचारूच नका. वर्ग इंग्रजीत, पुस्तकं इंग्रजीत, आणि सुट्टीत गावच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपदेश मराठीत. मी एकदा ऐटीत ‘विश्वासाने नीतिमान ठरवलं जाणं’ यावर अर्धा तास बोललो. उपासना संपल्यावर एक आजी दारात थांबल्या, हात हातात घेतला आणि म्हणाल्या, ‘बाळा, लई शिकलास. आता मराठीत कधी सांगशील?’ आणि मी तर मराठीतच बोललो होतो!

इथे मला चारशे वर्षं मागे जायचंय. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट, म्हणजे येशूसंघाचा कॅथलिक धर्मगुरू, 1579 मध्ये गोव्यात उतरला. गोव्यातल्याच साष्टीत राहून तो तिथली भाषा शिकला आणि ख्रिस्ताची कथा त्यानं मराठीत, ओवीत रचली. दहा हजारांहून जास्त ओव्या. 1616 मध्ये राशोलला ते ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं, त्याच राशोलला जिथे आजही सेमिनरी आहे. त्यानं ओवीच का निवडली? नव्या ख्रिस्ती लोकांनी त्याला विचारलं होतं, आमची जुनी पुराणं गेली, आता ऐकायचं काय? त्या प्रश्नाला त्यानं उत्तर दिलं. पण ही गोष्ट इथे थांबवून टाळ्या वाजवणं बरोबर नाही. त्याच साष्टीत देवळं पाडली गेली होती, त्याच गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे श्रद्धेवरून लोकांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय होतं, आणि 1684 मध्ये व्हाइसरॉयनं हुकूम काढला की तीन वर्षांत स्थानिक बोली सोडा आणि पोर्तुगीज बोला. सेमिनरीत स्टीफन्स शिकवताना हा हुकूमही त्याच तासाला शिकवला पाहिजे. आम्हाला शिकवला नव्हता, मी नंतर वाचला.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांकडे आलं की मात्र दिशा उलटी होते. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेला हा कोकणातला कवी अहमदनगरला सेमिनरीत शिकवत होता. मिशनरी लोक पाश्चात्त्य चालींवर गाणी बसवत होते, आणि टिळकांनी अभंग, भजन, कीर्तन चर्चमध्ये आणलं. ‘उपासना संगीत’ हे आमचं गीतांचं पुस्तक उघडा, अजूनही रविवारी आपण त्यांचंच गातो. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला, मिशनच्या छत्राबाहेर. दोन वर्षांत ते गेले. तबला-पेटी चर्चमध्ये वाजवावी का यावर आजही चर्चच्या कारभारी वडीलवर्गाची मीटिंग तापते, तेव्हा मला टिळक आठवतात.

‘म्हणजे हे सगळं धर्मांतराचंच ट्रेनिंग ना?’ हा प्रश्न येणार, म्हणून आत्ताच घेतो. सुवार्ता सांगणं हा आमच्या श्रद्धेचा भाग आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. आमिष दाखवून, भीती घालून कोणाला ओढणं हे चूक, तेही लपवायचं कारण नाही. पण पाळकाचा आठवडा बघा. मयत, लग्न, नवरा-बायकोचं भांडण, दारू सोडवणं, स्मशानभूमीच्या जागेसाठी नगरपालिकेत खेटे, आणि मंडळीच्या हिशेबावरून दोन भावांमधला वाद. पगाराचं न बोललेलं बरं. पाळकांच्या मिसेस संडे स्कूल घेतात, आजाऱ्यांना डबे नेतात, आणि त्यांना तर तेवढाही नाही.

आणि जात? ती चर्चच्या दाराशी चप्पल काढून येत नाही. 1981 मध्ये बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात धर्मशास्त्राचे अभ्यासक अरविंद निर्मळ यांनी भाषण करून विचारलं, की भारतातल्या चर्चमध्ये बहुसंख्य दलित, मग आपलं धर्मशास्त्र वरच्या जातींच्या तत्त्वज्ञानाशीच का बोलतंय? तिथून दलित ईशज्ञानाची वाट फुटली. हे वाचताना आमच्या वर्गात काही जण पहिल्यांदाच मान वर करून बसले होते.

शेवटी माझ्या एका मित्राचं सांगतो. जालन्याकडचा, वर्गात उपदेशाला पहिला नंबर. त्याला पाठवलं मेळघाटात. तो म्हणाला, महाराष्ट्रातच तर आहे, काय अवघड! तिथे कोरकू बोलतात. कोरकू मराठीची बहीण नाही की लांबची मावशीसुद्धा नाही. ती मुंडा कुळातली, तिचं नातं झारखंडच्या संथाली-मुंडारीशी. मराठी-हिंदी म्हणजे तिथे फॉरेस्टवाल्यांची, साहेबांची भाषा. हा तोंड उघडायचा आणि लोक आदबीनं उभे राहायचे. त्याच्या वरिष्ठांनी सांगितलं, वर्षभर उपदेश करायचा नाही. पाणी भर, बाजाराला जा, शब्द गोळा कर.

शेजारच्या म्हातारीकडे तो रोज संध्याकाळी बसायचा. तो एक वाक्य बोलायचा, ती पदर तोंडाला लावून हसायची, पोरं गडागडा लोळायची. असे कित्येक महिने. परवा त्याचा फोन आला. खुशीत होता. म्हणाला, ‘अरे, आता ती हसत नाही. सरळ चूक सांगते आणि पुन्हा म्हणायला लावते.’