सात समया, एक टपाल

(बायबल अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सुरुवातीला एक करा. बायबलातलं शेवटचं पुस्तक म्हणजे प्रकटीकरण; त्याच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या अध्यायात सात गावांतल्या मंडळ्यांना, म्हणजे ख्रिस्ती समुदायांना, लिहिलेली सात पत्रं आहेत. हे अध्याय मनातल्या मनात वाचायची आपली जी सवय आहे, ती आज बाजूला ठेवा. पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात, तिसऱ्या ओवीत, दोन प्रकारच्या माणसांना धन्य म्हटलंय. वाचून दाखवणारा एक, आणि ऐकणारे अनेक. वाचणारा एकवचनात आहे, ऐकणारे अनेकवचनात आहेत. पहिल्या शतकात घरोघर ग्रंथ नव्हते, बहुतेकांना वाचताही येत नव्हतं. कुणाच्या तरी घरात मंडळी जमायची, एक जण उभा राहायचा आणि गुंडाळी उलगडून मोठ्यानं वाचायचा. ही सात पत्रं अशी कानावर पडण्यासाठी लिहिलेली आहेत.

आता त्या खोलीत बसून बघा. तुम्ही सार्दीसचे आहात. आधी इफिसकरांची चूक वाचली जाते, मग स्मुर्णाची स्तुती, मग पर्गम, मग थुवतीरा. तुम्ही मान हलवत ऐकताय. आणि मग तुमच्या गावाचं नाव येतं: ‘तू जिवंत आहेस असं तुझं नाव आहे, पण तू मेलेला आहेस.’ हे वाक्य इफिसमध्येही वाचलं जाणार, फिलदेल्फियातही वाचलं जाणार. सगळी सात पत्रं एकाच ग्रंथात, एकाच टपालात गेली. म्हणून प्रत्येक पत्राच्या शेवटाकडे तेच वाक्य येतं: ज्याला कान आहे त्यानं आत्मा मंडळ्यांना काय म्हणतो ते ऐकावं. ‘मंडळीला’ नव्हे, ‘मंडळ्यांना’. पत्र एकीच्या नावानं, ऐकायचं सातही जणींनी.

ही प्रथा प्रकटीकरण लिहिणाऱ्या योहानानं काढली असंही नाही. कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्राच्या शेवटी सूचना आहे की हे पत्र तुमच्याकडे वाचून झालं की लावदिकीयाच्या मंडळीतही वाचलं जाईल असं करा, आणि लावदिकीयाहून येणारं तुम्ही वाचा. ते लावदिकीयाचं पत्र आपल्यापर्यंत पोचलं नाही. पण शेजारच्या गावाचं पत्र ऐकायची सवय या खोऱ्यातल्या विश्वासणाऱ्यांना आधीपासून होती, हे यातून कळतं.

आता लिहिणारा कुठे आहे? पात्म नावाच्या लहानशा, खडकाळ बेटावर. ‘देवाचं वचन आणि येशूची साक्ष यांमुळे’ मी तिथे होतो, एवढंच तो स्वतः सांगतो. दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक इरेनेअस योहानाला झालेला हा दृष्टांत, म्हणजे दर्शन, रोमन सम्राट दोमितियनाच्या कारकिर्दीच्या अखेरीचा, म्हणजे इ. स. ९५च्या आसपासचा मानतो, आणि बहुतेक अभ्यासक तेच धरून चालतात. सातही गावं आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागात आहेत. इफिस म्हणजे आजच्या सेल्चुकजवळची जागा, स्मुर्णा म्हणजे इझमीर, पर्गम म्हणजे बेर्गामा, थुवतीरा म्हणजे अखिसार, सार्दीस म्हणजे सार्त, फिलदेल्फिया म्हणजे अलाशेहिर, आणि लावदिकीयाचे अवशेष देनिझ्लीजवळ आहेत. नकाशावर बोट ठेवून याच क्रमानं गेलात तर इफिसहून उत्तरेला चढता आणि पर्गमहून आग्नेयेकडे उतरता. टपाल घेऊन निघालेल्या माणसाचा हा रस्ता आहे, असं या प्रदेशाचे अभ्यासक विल्यम रॅम्से यांनी १९०४ साली मांडलं, आणि ते पटण्यासारखं आहे.

रॅम्सेंनी आणखी एक गोष्ट शिकवली. पत्रातल्या प्रत्येक शब्दाला त्या गावच्या मातीचा वास आहे का, ते शोधायचं. इथे मात्र मी थोडा हात आखडता घेतो. सार्दीसचंच उदाहरण घ्या. तिथल्या क्रोएसस राजाचा तो बालेकिल्ला अभेद्य म्हणून प्रसिद्ध होता. पण इ. स. पू. सहाव्या शतकात इराणच्या कुरूश राजाच्या सैन्यानं आणि पुन्हा इ. स. पू. २१४ मध्ये तिसऱ्या अँटिओकस राजाच्या माणसांनी गाव घेतलं ते पहारा नसलेल्या कड्यावरून चढून. आणि पत्र म्हणतं, ‘जागृत हो, नाहीतर मी चोरासारखा येईन.’ केवढं चपखल! पण चोराची ही उपमा मत्तयाच्या शुभवर्तमानातही आहे आणि थेस्सलनीकाकरांच्या पत्रातही आहे, तिथे सार्दीसचा काही संबंध नाही. म्हणून माझा नियम असा: गावचा इतिहास हाताशी ठेवा, पण वाक्याचा अर्थ आधी वाक्यात शोधा.

मराठीत वाचणाऱ्यांना इथे एक देणगी आहे, ती आपल्या लक्षात येत नाही. मूळ ग्रीकमध्ये ही पत्रं जवळजवळ पूर्ण एकवचनात आहेत. ‘तुझी कृत्यं मला ठाऊक आहेत.’ पत्र मंडळीच्या दूताला उद्देशून आहे, पण बोलणं सगळ्या मंडळीशी चाललंय, आणि ते ‘तू’ म्हणून चाललंय. आजच्या इंग्रजीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ एकच होऊन बसतात, तिथे हे दिसतच नाही. मराठीत दिसतं. आणि जिथे ते बदलतं तिथेही दिसतं. स्मुर्णाच्या पत्रात ‘तू भिऊ नकोस’ म्हणता म्हणता मध्येच ‘तुमच्यापैकी काही जणांना तुरुंगात टाकलं जाईल’ असं येतं, आणि पुन्हा ‘तू मरेपर्यंत विश्वासू राहा’. तुरुंगात सगळे जाणार नाहीत, काही जातील. विश्वासू मात्र सगळ्यांनी मिळून, एका माणसासारखं राहायचंय. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगतो, पेन्सिल घ्या आणि प्रत्येक ‘तू’ आणि ‘तुम्ही’खाली रेघ मारा. अर्धा अभ्यास तिथेच होतो.

दुसरी देणगी म्हणजे ‘समई’ हा शब्द. आपल्या बायबलात सोन्याच्या सात समया आहेत आणि त्यांच्यामधून मनुष्याच्या पुत्रासारखा कोणी चालतोय. मंडळ्या म्हणजे दिवा नव्हेत, दिवा धरणारी वस्तू आहेत. ज्योत त्यांची स्वतःची नाही. समई घासायला लागते, तेल घालायला लागतं, वात पुढे सारायला लागते, हे कुठल्याही मराठी घरात सांगावं लागत नाही.

या समयांपैकी पहिली इफिसची, आणि आजच्या व्याख्यानाचा मुख्य भाग मी इफिस आणि थुवतीरा या दोन पत्रांवर घालवणार आहे, कारण ती एकमेकींसमोर ठेवलेल्या आरशांसारखी आहेत.

इफिसची स्तुती मनापासून केलेली आहे. तुझे श्रम, तुझी सहनशीलता, तुला दुष्टांचं सहन होत नाही, स्वतःला प्रेषित म्हणवणाऱ्यांची तू परीक्षा केलीस आणि ते लबाड निघाले. हे लहान काम नव्हतं. फिरते उपदेशक गावोगाव यायचे, त्यांतले खरे कोण आणि पोटभरू कोण हे ओळखणं फार अवघड होतं. इफिसनं ते केलं आणि पुढेही करत राहिली. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला अंत्युखियाच्या मंडळीचा अध्यक्ष इग्नाशियस कैदी म्हणून रोमला नेला जात असताना इफिसकरांना पत्र लिहितो, त्यातही खोटी शिकवण घेऊन आलेल्यांपुढे तुम्ही कान बंद केलेत, अशी शाबासकी आहे. म्हणजे पारख हा या मंडळीचा अंगचा गुण होता.

आणि लगेच येतं: ‘तरी तुझ्याविरुद्ध मला म्हणायचंय, तू आपली पहिली प्रीती सोडली आहेस.’ कुणावरची प्रीती, देवावरची की एकमेकांवरची, हे पत्र सांगत नाही. पण उपाय सांगतं तेव्हा ‘पहिल्यासारखं वाटू दे’ असं म्हणत नाही. ‘पहिली कृत्यं कर’ असं म्हणतं. प्रीती इथे हातानं करायची गोष्ट आहे. आता बघा, हा दोष त्या गुणाच्या शेजारी असाच येऊन पडलेला नाही. तो त्या गुणातूनच निघालेला आहे. वर्षानुवर्षं दारात उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याची झडती घेतली की एक दिवस आपल्या घरचा माणूस आला तरी हात झडतीसाठीच पुढे होतो. मी हे मंडळीत पाहिलंय, आणि माझ्या स्वतःच्या घरातही पाहिलंय.

थुवतीरा उलटी. सातांमधलं हे साधं, कारागिरांचं गाव, आणि पत्र मात्र सगळ्यात लांब. बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात भेटणारी जांभळी वस्त्रं विकणारी लुदिया इथलीच. तिथल्या शिलालेखांत रंगारी, कातडं कमावणारे, लोकर-तागाचं काम करणारे, कुंभार, तांबट यांचे संघ सापडतात. इथल्या मंडळीची प्रीती, विश्वास, सेवा, धीर या सगळ्यांची स्तुती आहे, आणि त्यापुढे एक वाक्य आहे जे इफिसकरांना ऐकताना बोचलं असणार: ‘तुझी शेवटची कृत्यं पहिल्यांपेक्षा अधिक आहेत.’ इफिसला सांगितलंय, पहिल्या कृत्यांकडे परत जा. थुवतीरा पहिल्यांच्याही पुढे गेली आहे. पण जुन्या करारातल्या मूर्तिपूजक राणीवरून ईजबेल म्हटलेल्या एका बाईला ती चालवून घेते, जी मूर्तींना वाहिलेलं खायला शिकवते. संघात राहायचं तर संघाच्या जेवणावळीला बसावं लागायचं, आणि जेवण एखाद्या देवतेच्या नावानं असायचं. न बसावं तर धंदा जातो. हा पोटाचा प्रश्न होता. आपल्याकडे ज्यांच्या आजी-आजोबांनी ख्रिस्ती होण्यासाठी भावकी सोडली, त्यांना घरच्या कार्यात पुढे केलेलं ताट हातात घ्यायचं की नाही, हा पेच पुस्तकातून शिकावा लागलेला नाही. म्हणून मी थुवतीराकडे बोट दाखवून बोलू शकत नाही. जिथे माया फार असते तिथे ‘नको’ म्हणणं जड जातं, आणि त्या मायेच्याच वाटेनं नको ते आत येतं.

एकीला पारख आहे, प्रीती हरवली. दुसरीला प्रीती आहे, पारख नाही. आणि दोघींना एकमेकींचं पत्र ऐकावं लागतंय. मला वाटतं, सातही पत्रं एका टपालात घालण्याचं कारण हेच असावं. इफिसचं औषध थुवतीरात आहे आणि थुवतीराचं इफिसमध्ये.

पर्गमबद्दल थोडक्यात. तिथे सैतानाचं आसन आहे, असं पत्र म्हणतं; ते आसन म्हणजे नेमकी कुठली इमारत, यावर पानंच्या पानं लिहिली गेलीत. आज बर्लिनच्या संग्रहात असलेली झ्यूसची भव्य वेदी, इ. स. पू. २९ पासूनचं ऑगस्टस आणि रोमा यांचं मंदिर, आस्क्लेपियस या आरोग्यदेवाचं आरोग्यधाम, अशी नावं घेतली जातात. मला त्या वादापेक्षा त्याच ओवीतलं एक नाव महत्त्वाचं वाटतं: अंतिपा. ‘माझा साक्षी, माझा विश्वासू.’ त्याच्याबद्दल एवढंच खात्रीचं आहे. सात पत्रांमध्ये ज्याचा जीव गेला असा नावानिशी उल्लेखलेला माणूस हा एकच.

स्मुर्णा आणि फिलदेल्फिया यांना दोष दिलेला नाही. पण याच दोन पत्रांत ‘सैतानाचं सभास्थान’ हे कठोर शब्द येतात, आणि त्यावरून मला पुढे जाता येत नाही. पुढच्या शतकांत हे शब्द यहुदी लोकांविरुद्ध शस्त्रासारखे वापरले गेले. लिहिणारा स्वतः यहुदी शास्त्रांत नखशिखान्त भिजलेला होता. ख्रिस्ताचे अनुयायी मूठभर होते, अंगावर मार खाणारे होते, आणि भांडण एका घरातलं होतं. सत्ता हातात आल्यावर दुसऱ्यांनी तेच शब्द उचलून शेजाऱ्याच्या दारावर मारणं हा गुन्हा होता. अभ्यासवर्गात हे न सांगता ही ओवी वाचू नये.

स्मुर्णाला म्हटलंय, ‘तुझं दारिद्र्य मला ठाऊक आहे, तरी तू धनवान आहेस.’ या मंडळीचा अध्यक्ष पॉलिकार्प याला इ. स. १५५च्या सुमारास जाळून मारलं. ख्रिस्ताला नाकार म्हटल्यावर तो म्हणाला, ८६ वर्षं मी त्याची सेवा केली, त्यानं माझं काही वाईट केलं नाही. हे आपल्याला ठाऊक आहे कारण स्मुर्णाच्या मंडळीनं ते दुसऱ्या एका मंडळीला पत्रानं कळवलं. पत्र घेणारी मंडळी पत्र लिहिणारी झाली.

आता लावदिकीया. तिथल्या अवशेषांत मी एका मातीच्या नळापाशी बराच वेळ बसलो होतो. बाहेरून हातभर रुंद, आणि आत चुन्याचे थरावर थर. बोअरचं पाणी वर्षभर उकळलेल्या पातेल्याच्या तळाशी बसतो तसा पांढरट, खडबडीत. मधलं भोक जेमतेम मूठ जाईल एवढं उरलेलं. समोर नजर टाकली की हिरापलीचे पांढरे कडे दिसतात, तिथे ऊन पाण्याचे झरे आहेत. दुसऱ्या बाजूला कलस्सै, डोंगरातून उतरणारं गार पाणी. आणि हे श्रीमंत गाव मध्ये, पाणी दुरून नळानं आणलेलं.

‘तू थंड नाहीस, ऊनही नाहीस, कोमट आहेस.’ उपदेशात आपण ऐकतो की ऊन म्हणजे आवेशी, थंड म्हणजे देवापासून दूर गेलेला. पण मग ‘थंड असतास तरी बरं होतं’ असं प्रभू का म्हणेल? उन्हातून आलेल्याला माठातलं पाणी हवं, कुडकुडणाऱ्याला वाफाळता पेला. दोन्ही चांगली. अलीकडचे काही अभ्यासक तर हे नळाचं नसून पंगतीचं बोलणं आहे म्हणतात. त्या काळी पाहुण्याला द्राक्षारस गार करून किंवा ऊन पाणी घालून द्यायचे, कोमट कुणी देत नसे. मला हे पटतं, कारण पत्राचा शेवटही जेवणातच होतो.

त्याआधी मात्र या गावाचा सगळा ताठा मोडलाय. इ. स. ६०च्या भूकंपात लावदिकीया कोसळलं आणि रोमची मदत न घेता स्वतःच्या पैशानं उभं राहिलं, असं रोमन इतिहासकार टॅसिटसनं नोंदवलंय. तिथल्या मेंढ्यांची काळी लोकर ग्रीक भूगोलकार स्ट्राबोनं वाखाणली आहे, जवळच्या वैद्यकशाळेचाही तो उल्लेख करतो. ‘मी धनवान आहे, मला काही उणं नाही’ म्हणणाऱ्या या मंडळीला उत्तर मिळतं: तू दरिद्री, आंधळा, उघडा आहेस. माझ्याकडून सोनं घे, पांढरी वस्त्रं घे, डोळ्यांत घालायला अंजन घे. स्मुर्णाच्या त्या गरीब-धनवान वाक्याशेजारी हे ठेवून ऐका.

एकही शब्द स्तुतीचा न मिळालेल्या या मंडळीला मग सांगितलंय: मी दाराशी उभा आहे आणि ठोकतोय. कुणी आवाज ऐकून दार उघडलं तर मी आत येईन, त्याच्याबरोबर जेवीन आणि तो माझ्याबरोबर. आतापर्यंतचं ‘तू’ इथे सुटतं आणि ‘कुणी’ येतं. अख्खी मंडळी उठायची वाट पाहिलेली नाही. एकानं उठून कडी काढली तरी चालेल.

आता पुस्तकं मिटून ठेवा. पुढच्या रांगेतल्या एक बाई उभ्या राहून दोन्ही अध्याय वाचतील, मध्ये न थांबता. बाकीच्यांनी फक्त ऐकायचं. बाई, सावकाश वाचा, आणि गावाचं नाव आलं की क्षणभर थांबा.