तेलकट खांबावरची हालचाल

(दृश्य : पुण्यातली व्यायामशाळा, संध्याकाळ. एक मुलगा मल्लखांबाला एरंडेल चोळतोय.)

हा पुरलेला मल्लखांब. वर्षानुवर्षं तेल पिऊन काळपट झालेला. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या नव्यानं उभी केली. आता इथे एक वेगळं काम चाललंय. उलटा फिरताना या मुलाचा गुडघा, कंबर, खांदा कोणत्या क्षणी नेमके कुठे असतात, ते मोजायचंय.

सिनेमावाले कलाकाराच्या अंगावर चकाकते गोळे चिकटवतात आणि इन्फ्रारेड कॅमेऱ्यांनी ते टिपतात. इथे अंगाला तेल लागणार. शिवाय अढी, म्हणजे खांबाला पायांचा विळखा, घालताना मांड्या खांबावर आवळल्या जातात. गोळा एक तर निसटेल, नाहीतर मांडीत रुतेल. म्हणून अंगाला काहीच लावायचं नाही. जे काढायचं ते नुसत्या चित्रातून.

(दृश्य : खांबाभोवती चार कॅमेरे. ताई काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा फलक फिरवतेय.)

चौकोनांचं माप ठाऊक आहे. फलक प्रत्येक कॅमेऱ्याला कसा दिसला, त्यावरून कॅमेऱ्यांच्या जागा आणि कोन गणितानं निघतात. मग संगणक चित्रात सांधे शोधतो. 2017 साली आलेली ओपनपोझ ही अशीच प्रणाली. गुडघा इथे असण्याची शक्यता किती, तिथे किती, असा चित्रभर नकाशा ती प्रत्येक सांध्यासाठी काढते. पण एका कॅमेऱ्याला एवढंच कळतं, की गुडघा अमुक रेषेवर आहे. किती लांब, ते कळत नाही. दुसऱ्या कॅमेऱ्याची रेषा आली की जागा ठरते. मोजणीत थोडी चूक राहतेच, रेषा तंतोतंत छेदत नाहीत, शिवाय खांब मध्ये येतो. म्हणून चार कॅमेरे.

त्यात वेग. पाय सेकंदाला 5 मीटर वेगानं फिरला आणि सेकंदाला 50 चित्रं घेतली, तर दोन चित्रांमध्ये तो 10 सेंटिमीटर सरकलेला असतो. चारही कॅमेरे एकाच क्षणी टिपायला हवेत.

(दृश्य : संगणकाचा पडदा. मुलगा डोकं खाली, पाय वर.)

आणि इथे संगणक चक्क हाताला पाय समजतो! तो ज्या चित्रांवर शिकला, त्यांत माणसं बहुतेक उभी, बसलेली, चालणारी. मल्लखांब त्याला आपणच शिकवायला हवा, दुसरं कोण शिकवणार? म्हणून सर रोज सरावानंतर बसतात आणि एकेका चित्रावर सांधे खुणावतात. खांबाआड दडलेला गुडघासुद्धा ते न अडखळता दाखवतात, कारण अढी कशी बसते हे त्यांच्या अंगात मुरलंय. ही जाण कुठल्याही कॅमेऱ्यात नाही, आणि या कामातला सगळ्यात मोलाचा भाग मला हाच वाटतो.

मनगटाचा पीळ मात्र अजून हाती लागत नाही. कोपर आणि मनगट, दोन बिंदूंनी हाताची दिशा कळते. हात स्वतःभोवती किती वळला, ते कळत नाही.

पुढचं चित्रण टांगत्या मल्लखांबाचं. तिथे खांबच झुलतो आणि गरगरतो, तेव्हा मुलाबरोबर खांबाचीही हालचाल मोजावी लागेल.