नीतिमत्त्व आणि विडीची छाट

सलाम. पाळकसाहेबांनी मला चाळीस मिनिटं आणि 'बायबल अभ्यास आणि सार्वजनिक प्रश्न' हा विषय दिला आहे. सेमिनरीत तिसरं वर्ष चालू आहे. सुट्टीत सोलापुरात आलो की घरसभा घेतो. आज जे सांगायचं आहे ते ग्रंथालयात नाही, अशाच एका घरसभेत हाती लागलं. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

घर विडी कामगार मावशींचं. इथे बसलेल्यांपैकी निम्म्या जणांच्या आया-आज्या विड्या वळतात, त्यामुळे मांडीवरचं सूप, भिजवलेली पानं, साचा, कात्री हे काही मी वर्णन करत बसत नाही. प्रार्थना चालू असतानाही मावशींचे हात थांबत नाहीत. डोळे मिटलेले आणि बोटं दोरा गुंडाळतायत. पहिल्यांदा मला ते खटकलं होतं. आता वाटतं, ती बोटंही प्रार्थनेतच होती.

त्या दिवशी मत्तय 5 वाचत होतो. 'जे नीतिमत्त्वाचे भुकेले व तान्हेले ते धन्य.' मावशी म्हणाल्या, "नीतिमत्त्व म्हंजे काय असतंय वो?" मी सांगितलं: चांगलं वागणं, शुद्ध मन, देवाला आवडेल असं जीवन. त्या ऐकत होत्या. मग सावकाश म्हणाल्या, "आज कारखान्यात माल घातला. पान त्यांनीच दिलेलं, सगळं भोकाचं. त्यातल्या विड्या छाट म्हणून बाजूला काढल्या. त्याची मजुरी नाही. तंबाखू गेली, दिवस गेला. मग ह्या नीतिमत्त्वात ती छाट येतंय का नाही?"

शेजारच्या अक्का तेलुगूत काहीतरी बोलल्या आणि सगळ्या बायका हसल्या. मला अर्थ कळला नाही, पण तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांच्या शेजारात वाढलेले तुम्ही इथे हसताय, म्हणजे तुम्हाला अंदाज आलाय!

त्या रात्री मी ग्रीक नवा करार उघडला. शब्द आहे दिकायोसुने. माणसाचं सरळपण आणि माणसामाणसांतला न्याय, दोन्ही त्या एका शब्दात बसतात. त्यामागे इब्री त्सेदाका उभा आहे, तोही तसाच ऐसपैस. मराठीत मात्र आपण त्याची वाटणी केली. 'नीतिमत्त्व' गेलं देवघरात आणि 'न्याय' गेला कोर्टात. मावशींच्या प्रश्नाने ते दोन्ही पुन्हा एका ओसरीवर आले. भाषांतर करणाऱ्यांना मी दोष देत नाही. 1811 साली बंगालात सेरामपूरला मिशनरी विल्यम केरी यांचा मराठी नवा करार छापून निघाला, तेव्हापासून किती जणांनी यात आयुष्य घातलं! पंडिता रमाबाई तर मूळ इब्री आणि ग्रीक शिकल्या. 1922 मध्ये देहावसान होईपर्यंत त्या त्याच कामात होत्या, आणि खेड्यातल्या बाईला कळावं ही त्यांची ओढ होती. रमाबाई त्या ओसरीवर असत्या तर त्यांनी मावशींचा प्रश्न समासात लिहून घेतला असता, असं मला मनापासून वाटतं.

जुन्या करारातला संदेष्टा आमोस घ्या. तकोवाचा मेंढपाळ, उंबराची झाडं राखणारा, ख्रिस्तापूर्वी आठव्या शतकातला. त्याच्या आठव्या अध्यायातले व्यापारी एफा लहान करतात आणि शेकेल मोठा करतात. एफा म्हणजे धान्याचं माप, शेकेल म्हणजे चांदी तोलायचं वजन. माप लहान, म्हणजे धान्य कमी मिळालं. वजन जड, म्हणजे चांदी जास्त गेली. गरीब दोन्हीकडून कापला गेला. पान खराब द्यायचं आणि छाटही कामगाराच्याच माथी मारायची, हे त्या व्यापाऱ्यांना लगेच ओळखू आलं असतं. आणि पाचव्या अध्यायात आमोस म्हणतो, नीतिमत्त्व अक्षय प्रवाहासारखं वाहो. इब्रीत तो उन्हाळ्यातही न आटणारा ओढा आहे. उजनी धरण भरलेलं असतानाही ज्या गावात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्या गावाला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं उरली आहेत, आणि मूळ विषय तर आता सुरू होतोय.

थोडक्यात मांडतो. एक, सार्वजनिक प्रश्न म्हणजे व्यासपीठावरून उमेदवाराचं नाव घेणं नव्हे. ते मी कधीच करणार नाही. पण जुन्या करारातलं 'अनुवाद' हे पुस्तक अध्याय 24 मध्ये म्हणतं की मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या. नव्या करारातलं याकोबाचं पत्र अध्याय 5 मध्ये म्हणतं की अडवलेली मजुरी ओरडते. हे वाचून छाटीबद्दल गप्प बसणं म्हणजे अर्धंच वाचणं. विडी कामगारांसाठी 1966 चा वेगळा कायदा होता, नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. आपल्या तरुण संघाने ते दोन्ही शास्त्रपाठाच्या शेजारी ठेवून वाचावेत.

दोन, हाच मापदंड आपल्या घराला. चर्चची झाडलोट करणाऱ्या बाईंना पगार किती तारखेला मिळतो, हे पंच कमिटीने मला नंतर सांगावं. मी खरंच विचारतोय.

तीन, 1950 चा अनुसूचित जातींचा आदेश, म्हणजे अनुसूचित जातीत कोण मोडतं हे ठरवणारा. पंजाबकडच्या काही शीख जाती सोडल्या, तर सुरुवातीला त्यात फक्त हिंदू होते. 1956 मध्ये बाकीचे शीखही आले, 1990 मध्ये बौद्ध. दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. आपल्यातले काही वडीलधारे म्हणतात, जात सोडली, मग ती मागायची कशाला? त्यांच्या विश्वासाचा मी आदर करतो. पण भाड्याने खोली शोधताना घरमालक बाप्तिस्म्याचा दाखला बघत नाही, आडनाव बघतो. हा प्रश्न दयेचा नाही, दिकायोसुनेचा आहे. यावर एक तास हवा होता.

दुसरी चिठ्ठी आली. शुक्रवारी त्याच मावशींच्या ओसरीवर लूक 19, जक्कय. चौपट परत करणारा माणूस. सात ते आठ बसू, कारण आठनंतर त्यांना दुसऱ्या दिवसाचा माल पुरा करायचा असतो.